शके 1162 ची लक्ष्मी आणि नऊ हजारांचे संपादन

छत्रपती संभाजीनगर येथील एका स्वयंप्रकाशन सेवेकडून मी गेल्या वर्षी माझी पहिली ऐतिहासिक कादंबरी छापून घेतली. मराठवाड्यातील ज्या कुणाकडे असे एखादे हस्तलिखित कपाटात पडून असेल, त्याला उपयोग व्हावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. सेवेचे नाव मुद्दामच देत नाही, कारण स्वखर्चाने पुस्तक काढलेल्या इतर लेखकांशी बोलल्यावर माझ्या असे लक्षात आले की, पुढे सांगितलेल्या उणिवा कमीअधिक प्रमाणात सगळीकडेच भेटतात.

स्वयंप्रकाशनाकडे मी हौसेने वळले नाही. हस्तलिखित आधी दोन प्रकाशकांकडे पाठवले होते. एकाने वर्षभर पोचही दिली नाही. दुसऱ्याने अतिशय सौजन्याने कळवले की, यादवकाळाला वाचक नाही, शिवकाळावर काही लिहिले असेल तर अवश्य पाठवा. मराठीत ऐतिहासिक कादंबरी म्हटले की शिवकाळ आणि पेशवाई एवढेच डोळ्यांसमोर येते, हे मी बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवताना पाहिलेच होते. देवगिरीच्या यादवांना पाठ्यपुस्तकात दोन-तीन परिच्छेद मिळतात आणि त्यांतलेही बहुतेक अलाउद्दीन खिलजीच्या 1296 च्या स्वारीवर खर्ची पडतात. त्याआधी शंभर वर्षे या घराण्याने राज्य केले, सिंघणदेवाच्या दरबारात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, भास्कराचार्यांच्या नातवाने पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, हे परीक्षेला येत नसल्यामुळे कुणी वाचत नाही.

माझी कादंबरी त्याच सिंघणदेवाच्या काळातली, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातली आहे. मी अंबाजोगाईची. सिंघणाचा सेनानी खोलेश्वर याचे देऊळ आणि त्याच्या घराण्याचे शिलालेख आमच्याच गावात आहेत. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत पडला आणि त्याच्या स्मरणार्थ त्याच्या बहिणीने, लक्ष्मीने, मंदिर बांधले. शके 1162, म्हणजे इ.स. 1240 चा तो संस्कृत लेख तिच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगतो: रामाच्या पाठीमागे त्याच्या अल्पवयीन मुलाच्या नावाने कारभार तीच पाहत होती. एवढ्या चार ओळींवर एक बाई उभी करायची, तर बाकीचे सारे कल्पनेतून आणावे लागते आणि ती कल्पना त्या शतकाच्या बाहेर जाऊ द्यायची नसते. या कामात माझी सहा वर्षे गेली, त्यांतली जवळपास दोन भाषेवर.

भाषेचे थोडे सविस्तर सांगते, कारण सेवेविषयीची माझी मुख्य तक्रार त्यातूनच निघते. ‘हुकूम’, ‘फौज’, ‘सरदार’, ‘बाजार’, ‘जमीन’ हे शब्द आज आपल्या मराठीत इतके मुरले आहेत की ते फारसी-अरबीतून आले, हे सांगावे लागते. पण 1240 मध्ये लक्ष्मीच्या तोंडी ते घातले तर सारा डोलारा कोसळतो. म्हणून पात्रांच्या संवादांतून मी असे शब्द एकेक करून काढले, बाजाराचा हाट केला आणि हुकमाची आज्ञा केली. कथनात मात्र ते चालू दिले, नाहीतर वाचक पहिल्या प्रकरणातच पुस्तक मिटतो. रोजच्या जगण्यातले शब्द शोधण्यासाठी ‘लीळाचरित्रा’इतका जवळचा आधार दुसरा नाही. ते सिंघणानंतर काही दशकांनी लिहिले गेले असले तरी त्यातले लोक काय खात होते, कुठे उतरत होते, कसे बोलत होते, हे त्यात दिसते. ‘बिढार’ हा शब्द मी तिथूनच घेतला. आपल्या ‘बिऱ्हाडा’चे ते जुने रूप.

या सेवेच्या ‘संपूर्ण संचा’त अक्षरजुळणी, संपादन, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाची ओळख सांगणारा क्रमांक), तीनशे प्रतींची छपाई आणि ऑनलाइन विक्रीची नोंदणी एवढ्या गोष्टी येतात. संपादनाचे नऊ हजार रुपये वेगळे लावले होते आणि ते मी आनंदाने दिले, कारण सहा वर्षे एकटीने वाचलेला मजकूर दुसऱ्या जाणत्या डोळ्यांखालून जावा, ही माझी खरी गरज होती. महिन्याभराने संपादित मजकूर आला. त्यात सगळी ‘बिढारे’ ‘बिऱ्हाडे’ झाली होती. ‘आज्ञा’ काही ठिकाणी ‘हुकूम’ झाली होती, बहुधा एकाच पानावर तो शब्द दोनदा आला म्हणून. मलपृष्ठासाठी संपादकांनी स्वतः लिहिलेल्या मजकुराची सुरुवात ‘शूर सरदार खोलेश्वराची लाडकी लेक’ अशी होती. ऱ्हस्व-दीर्घ तपासले होते, स्वल्पविराम दिले होते आणि ते काम नीट झाले होते, हे मान्य करायलाच हवे. मात्र त्याला मुद्रितशोधन म्हणतात. काळाचे भान ठेवून वाचणे हे वेगळे काम आहे आणि ते या नऊ हजारांत मिळत नाही. मी फोन केला तेव्हा ‘वाचकाला सोपं जावं म्हणून केलंय, मॅडम’ असे उत्तर मिळाले. अखेर दोनशे अठ्ठ्याऐंशी पानांतला एकेक बदल तपासून मीच मागे घेतला.

आता याची दुसरी बाजू. अक्षरजुळणी करणारा तेथील तरुण, गंगापूर तालुक्यातला, कला शाखेचा पदवीधर, एके दिवशी स्वतःहून फोन करून म्हणाला, “मॅडम, एक विचारू का? सिंघणदेवाच्या काळात मिरची होती का हो? आमच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं, मिरची पोर्तुगीजांनी आणली म्हणून.” मी पान काढून पाहिले. छावणीतल्या रात्रीच्या प्रसंगात मी स्वतःच्या हाताने ‘भाकरी आणि मिरचीचा ठेचा’ असे लिहून ठेवले होते. मिरची अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात आपल्याकडे आली, हे मी मुलांना दरवर्षी शिकवत होते. पण लिहिताना हात स्वयंपाकघराच्या सवयीने चालला. शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, मका हे सगळे तिकडचेच, आणि ते मी टाळले होते. ठेचा मात्र सहा वर्षांच्या सगळ्या वाचनांतून सुटला, नऊ हजारांच्या संपादनातूनही सुटला आणि पानामागे तीस रुपये घेणाऱ्या अक्षरजुळणीत सापडला. तिथे आता लसूण, मिरे आणि चिंच आहे. हा तरुण त्या सेवेतील सर्वांत मौल्यवान गोष्ट आहे आणि दरपत्रकात त्याचा उल्लेख नाही.

अक्षरजुळणीत अडचणी आल्याच नाहीत, असे नाही. माझे हस्तलिखित अंबाजोगाईत एका टंकलेखकाने जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केले होते आणि ते युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरांची वाताहत झाली. विशेषतः ‘ऱ्य’चा सरसकट ‘र्य’ झाला. त्यामुळे बालाघाटाच्या दऱ्यांचा दर्या झाला आणि सैन्य समुद्रातून घोडे घेऊन उतरू लागले. छावणीतल्या आचाऱ्याचा आचार्य झाला आणि ‘आचार्याने भाकरी थापल्या’ असे वाक्य पहिल्या प्रुफात वाचून मी एकटीच खूप हसले. हा दोष सेवेचा नाही. ज्यांची हस्तलिखिते जुन्या फाँटमध्ये आहेत त्यांनी ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेला प्रत्येक शब्द स्वतः शोधून पाहावा. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरेही आधी हिंदी वळणाची पडली होती. सांगितल्यावर मराठी वळणाचा फाँट घेतला गेला. एकूण तीन प्रुफे झाली आणि तिसऱ्याचे जादा पैसे लावले नाहीत.

मुखपृष्ठाचे पहिले चित्र संगणकाकडून बनवून घेतलेले होते आणि ते पाहून मला क्षणभर काही सुचेना. डोंगराच्या पायथ्याशी घोड्यावर बसलेला योद्धा पेशवाई पगडीत होता, त्याच्या शेजारी गुलमोहर फुललेला होता आणि मागे, अगदी ठसठशीत, चांदमिनार उभा होता. देवगिरी म्हटल्यावर चांदमिनार डोळ्यांसमोर येतो हे मी समजू शकते. परंतु तो बहमनी राजवटीत, पंधराव्या शतकात बांधला गेला, म्हणजे माझ्या लक्ष्मीनंतर सुमारे दोनशे वर्षांनी. गुलमोहर तर मादागास्करचा, आणि आपल्याकडे आला तो इंग्रजी अमलात. पगडीबद्दल बोलायलाच नको. मी ते चित्र नाकारले आणि आमच्या गावातल्या बाराखांबी या जुन्या मंदिरातल्या एका कोरीव खांबाचे, माझ्या पुतण्याने काढलेले छायाचित्र दिले. त्यावरून त्यांनी दोन दिवसांत जे मुखपृष्ठ केले ते साधे, देखणे आणि कोणत्याही शतकाला न दुखावणारे झाले आहे. आधार हातात दिला तर ही मंडळी उत्तम काम करतात. आधार शोधण्याची अपेक्षा मात्र त्यांच्याकडून ठेवू नये.

छपाईविषयी मी समाधानी आहे. डेमी आकार, सोळा-सोळा पानांचे अठरा फर्मे, सत्तर जीएसएमचा किंचित पिवळसर कागद. तीनशे प्रतींचे बेचाळीस हजार झाले, म्हणजे प्रतीमागे एकशे चाळीस रुपये. एवढ्या कमी प्रतींना ऑफसेटच्या प्लेटांचा खर्च परवडत नाही, म्हणून छपाई डिजिटल केली. तरी अक्षर काळेभोर आणि सारखे उठले आहे. बांधणीत मात्र एक चूक राहिली. फर्मे शिवून न घेता पाठीला केवळ डिंकाने चिकटवले आहेत आणि आतला समास अरुंद ठेवला आहे, त्यामुळे मधली पाने वाचताना पुस्तक दोन्ही हातांनी दाबून धरावे लागते आणि तसे चार-पाच वेळा केले की पाठ तडकते. शिवण प्रतीमागे थोडी महाग पडते. पुढच्या वेळी ती मी आग्रहाने घेईन. प्रती ठरलेल्या तारखेनंतर अकरा दिवसांनी आल्या. तोवर गावातल्या छोट्या प्रकाशन समारंभाची पत्रिका वाटून झाली होती आणि कार्यक्रमात व्यासपीठावर ठेवायला माझ्याकडे फक्त तिसरे प्रूफ होते. पाहुण्यांनी त्याचेच प्रकाशन केले.

आयएसबीएनबद्दल नवख्या लेखकांनी विशेष सावध राहावे. या सेवेने त्याचे अडीच हजार रुपये लावले होते. वास्तविक भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो आणि त्यासाठी ऑनलाइन अर्ज लेखकालाही स्वतः करता येतो. सेवेमार्फत घेतला तर प्रकाशक म्हणून नाव त्यांचे लागते. मी माझ्या नावाने अर्ज केला, थोडा वेळ गेला, पण क्रमांक माझा राहिला. प्रकाशक आपणच झालो की जबाबदाऱ्याही आपल्याच होतात: 1954 च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार प्रकाशनापासून तीस दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरावीक ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवावी लागते. सेवेने ‘आम्ही पाठवू’ म्हटले होते. पंचविसाव्या दिवशी चौकशी केली तेव्हा पाकिटेही तयार नव्हती, म्हणून मीच टपाल कार्यालयात जाऊन चारही पाठवली.

विक्री हा त्यांच्या दरपत्रकातला सर्वांत आकर्षक आणि प्रत्यक्षातला सर्वांत पोकळ भाग. ऑनलाइन नोंदणी झाली, त्यापलीकडे काही झाले नाही. पुस्तकाची किंमत साडेतीनशे रुपये आहे. औरंगपुऱ्यातल्या दुकानदाराने चाळीस टक्के सवलतीवर प्रती ठेवून घेतल्या, म्हणजे हाती दोनशे दहा येतात, त्यातून छपाईचे एकशे चाळीस वजा केले की सत्तर उरतात आणि त्यातही प्रती पोचवण्याचा एसटीचा खर्च माझाच. सहा वर्षांचा हिशेब या सत्तरांत मांडायचा नसतो, हे मला ठाऊक आहे. पण ‘राज्यभर वितरण’ हे शब्द वाचून पैसे भरणाऱ्याला तो आधी कळलेला बरा. माझ्या प्रती खऱ्या अर्थाने खपल्या त्या अंबाजोगाई, परळी आणि लातूरच्या वाचनालयांत मी स्वतः जाऊन बोलले तिथे, आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांमुळे. ई-पुस्तकासाठी त्यांनी मागितलेले पैसे मी दिले नाहीत. युनिकोड मजकूर हाती असल्यामुळे ते किंडलवर पुतण्याच्या मदतीने घरीच चढवले.

माझ्या दुसऱ्या कादंबरीचे काम सुरू आहे. तीही याच सेवेकडे जाईल, मात्र फक्त अक्षरजुळणी आणि शिवणबांधणीच्या छपाईसाठी. संपादनाचे नऊ हजार मी यादवकालीन लेखांचे वाचन असलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांना देऊ केले आहेत. त्यांनी पैसे नको म्हटले आहे आणि हस्तलिखित मात्र लगेच मागवून घेतले आहे. गंगापूरच्या त्या तरुणाला मी आधीच कळवले आहे की जुळणी त्यानेच करावी आणि शंका आली की थेट मला फोन करावा.