विशेष शिक्षणाची पहिली दोन वर्षे आणि असिस्टचे संकेतस्थळ

माझ्या लेकीला विशेष मुलांची शिक्षिका व्हायचे आहे. पहिली दोन वर्षे घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, काढायची आणि पुढे कॅल स्टेटच्या, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या सरकारी विद्यापीठाच्या, एखाद्या कॅम्पसवर ट्रान्स्फर घ्यायचा, असे आम्ही ठरवले. या दोन वर्षांतल्या, म्हणजे इथल्या भाषेत लोअर डिव्हिजनच्या, विषयांची आखणी करताना असिस्ट या संकेतस्थळाचा आम्ही जेवढा वापर केला तेवढा दुसऱ्या कशाचाच केला नाही, म्हणून हे परीक्षण त्याचे आहे. कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॉलेजांमधल्या आणि विद्यापीठांमधल्या विषयांची अदलाबदल कशी होते याची ही अधिकृत नोंदवही आहे. ती १९८५ पासून चालू आहे आणि तिला शुल्क नाही. या लघुनामामागचे मूळ नाव 'आर्टिक्युलेशन सिस्टिम स्टिम्युलेटिंग इंटर-इन्स्टिट्यूशनल स्टुडंट ट्रान्स्फर' असे लांबलचक असल्यामुळे ते कोणी उच्चारत नाही, हे बरेच आहे.

वापर सोपा आहे. शैक्षणिक वर्ष निवडायचे, आपले कॉलेज निवडायचे, ज्या विद्यापीठात जायचे ते निवडायचे आणि मग विद्याशाखा निवडायची; त्यानंतर दोन रकान्यांचा करारनामा उघडतो. डावीकडे विद्यापीठाला हवा असलेला विषय आणि उजवीकडे त्याच्या बदली आपल्या कॉलेजातला कोणता विषय धरला जाईल ते. जिथे उजवीकडे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' असे येते, तिथे आपल्या कॉलेजात त्या तोडीचा विषय मान्य झालेला नाही, असा अर्थ घ्यायचा. चार कॅम्पसचे करारनामे छापून आम्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले, तेव्हा एकाच पदवीसाठी चार ठिकाणच्या मागण्या किती वेगळ्या असू शकतात ते पहिल्यांदा नीट दिसले.

आमची खरी अडचण मात्र संकेतस्थळ उघडण्याच्या आधीची होती, आणि या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येक घराला ती येईल असे मला वाटते. विद्याशाखांच्या यादीत आम्ही आधी 'स्पेशल एज्युकेशन' शोधले, आणि आम्ही निवडलेल्या पहिल्या कॅम्पसच्या यादीत ते नव्हतेच. कॅलिफोर्नियात शिक्षकाचा परवाना देण्याचे काम कमिशन ऑन टीचर क्रेडेन्शियलिंगकडे आहे आणि विशेष शिक्षकाच्या परवान्याला 'एज्युकेशन स्पेशलिस्ट' म्हणतात. पण त्याचे प्रशिक्षण परंपरेने पदवीनंतर घेतले जाते. पदवी बहुतेक वेळा लिबरल स्टडीजची, म्हणजे शाळेतल्या सगळ्या विषयांची थोडी थोडी ओळख करून देणारी, असते. काही कॅम्पसवर पदवी आणि परवाना एकत्र पूर्ण करण्याचा जोडअभ्यासक्रम असतो, पण तोसुद्धा अनेकदा लिबरल स्टडीजच्या पोटात दडलेला असतो. असिस्ट करारनामा दाखवते, पण कोणत्या नावाखाली शोधायचे ते सांगत नाही. ज्याला ते नाव आधीच माहीत आहे त्याला हे साधन अचूक उत्तर देते. ज्याला माहीत नाही त्याला एक लांब यादी देते.

लिबरल स्टडीजचा डावा रकाना वाचून माझी पुण्याची नणंद चकित झाली. पृथ्वीविज्ञान, जीवशास्त्र, भौतिक विज्ञान, जगाचा प्रादेशिक भूगोल, अमेरिकेचा इतिहास, जगाचा इतिहास, साहित्याची ओळख आणि बालविकास एवढे सगळे त्यात होते, पण विशेष शिक्षणाचा म्हणावा असा विषय जवळजवळ नव्हता. भारतात रिहॅबिलिटेशन कौन्सिलच्या मान्यतेचे अभ्यासक्रम आरंभापासून श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता अशा विशिष्ट दिव्यांगत्वाभोवती बांधलेले असतात, त्यामुळे तिला ही यादी म्हणजे वाट चुकल्यासारखी वाटली. इथला विचार असा आहे की, 'माइल्ड टू मॉडरेट' (सौम्य ते मध्यम मदत लागणाऱ्या मुलांसाठीचा) किंवा 'एक्स्टेन्सिव्ह सपोर्ट नीड्स' (बरीच मदत लागणाऱ्या मुलांसाठीचा) यांपैकी कोणताही परवाना घ्यायचा असला, तरी शाळेत शिकवायच्या विषयांवर शिक्षकाची पकड असल्याचे सिद्ध करावे लागते. आणि ही पकड दाखवण्याचा एक मार्ग नेमका याच पहिल्या दोन वर्षांतल्या विषयांतून जातो. करारनामा हे कारण सांगत नाही. एका ओळीची टीप असती तरी आमच्या घरातले दोन-तीन वाद टळले असते.

गणिताच्या ओळीवर थोडे थांबते. प्राथमिक शिक्षकांसाठीचे गणित हा तिथला स्वतंत्र विषय आहे आणि त्याच्या जागी नेहमीचे संख्याशास्त्र चालत नाही. संख्याशास्त्र सर्वसाधारण शिक्षणाच्या, म्हणजे कोणत्याही विद्याशाखेच्या विद्यार्थ्याला लागणाऱ्या विषयांच्या, अटीत धरले जाते, विद्याशाखेच्या अटीत नाही. या विषयाला मी मनातल्या मनात नाव ठेवले होते, कारण पदवीच्या वर्गात वजाबाकी शिकवतात हेच मला पटत नव्हते. एका रात्री लेक पाचाच्या पटीतली, म्हणजे दहाऐवजी पाचांचे गठ्ठे धरून करायची, वजाबाकी मांडून बसली होती आणि तिने विचारले, "आई, हातचा म्हणजे नक्की काय गं? तू काय घेतेस हातात?" चाळीस वर्षे हातचे धरूनही मला तिला धड उत्तर देता आले नाही. मग तिने डब्यातले राजमे काढले, पाच-पाचांचे गठ्ठे केले, त्यातला एक गठ्ठा मोडून शेजारच्या घरात सरकवला आणि म्हणाली की, ज्या मुलाला हे गठ्ठे दिसत नाहीत त्याला कागदावरचा हातचा कितीही वेळा गिरवायला लावला तरी उपयोग नाही. अभ्यासक्रमाच्या नावात विशेष शिक्षण नसले तरी ते त्यात कुठे आहे, हे मला त्या दिवशी कळले.

आता चुकीविषयी. पहिल्या सेमिस्टरला कॉलेजच्या काउन्सेलरने तिला सांस्कृतिक भूगोल घ्यायला सांगितले, कारण सर्वसाधारण शिक्षणातली सामाजिक शास्त्रांची अट त्याने भागते. ती भागली. पण करारनाम्यात जगाचा प्रादेशिक भूगोल मागितला होता, आणि तोच घेतला असता तर एकाच विषयात दोन्ही अटी पूर्ण झाल्या असत्या. इथल्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात एका युनिटचे (श्रेयांकाचे) शुल्क ४६ डॉलर असल्याने तीन युनिटांचे १३८ डॉलर फार नव्हेत, पण ट्रान्स्फरसाठीची ही दोन वर्षांची पदवी ६० युनिटांची असते आणि त्यात प्रत्येक जागा मोजूनमापून वापरावी लागते. त्या काउन्सेलरबाईंना मी दोष देणार नाही. अर्ध्या तासाच्या भेटीत त्या विद्यार्थ्याच्या तोंडून जेवढे ऐकतात तेवढ्यावरच सल्ला देणार. दुसऱ्या भेटीला लेक छापील करारनामा घेऊन गेली आणि तेव्हा बोलणे सरळ झाले.

हा दुहेरी हिशेब संकेतस्थळावर मात्र एका नजरेत दिसत नाही. विद्याशाखेचा करारनामा एका पानावर असतो आणि सर्वसाधारण शिक्षणाची यादी दुसऱ्या पानावर. २०२५ च्या शरद सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांना लागू झालेली कॅल-गेटसी ही सर्वसाधारण शिक्षणाची ३४ युनिटांची यादी आणि करारनामा शेजारी ठेवून, दोन्हींकडे येणारे विषय आम्ही पेन्सिलीने गोल केले. हे काम संगणकाने करायला हवे होते. शिवाय याच काळात कम्युनिटी कॉलेजांमधल्या काही विषयांचे क्रमांक राज्यभर एकसारखे होऊ लागल्यामुळे इंग्रजी आणि मानसशास्त्र यांचे जुने क्रमांक शोधणाऱ्याचा थोडा गोंधळ उडतो.

आणखी दोन गोष्टी तिथे मिळणार नाहीत. कोणता विषय कोणत्या सत्रात शिकवला जातो हे असिस्ट सांगत नाही. प्राथमिक अध्यापनाची ओळख करून देणारा विषय लेकीच्या कॉलेजात फक्त वसंत सत्रात असतो, हे आम्हाला कॉलेजच्या वेळापत्रकातूनच कळले. दुसरे म्हणजे, त्या विषयात ४५ तास सरकारी प्राथमिक शाळेच्या वर्गात बसून निरीक्षण करावे लागते. करारनाम्यात ती एक साधी तीन युनिटांची ओळ आहे, पण प्रत्यक्षात शाळेची परवानगी, क्षयरोगाची चाचणी आणि बोटांचे ठसे यांत तिचा महिना गेला. त्यातले काही तास तिने प्राध्यापकांना आधी विचारून विशेष वर्गात काढले. पहिल्या दिवशी एका मुलाने तिचे नाव टॅब्लेटवर अक्षर अक्षर दाबून यंत्राकडून म्हणवून घेतले, आणि घरी आल्यावर तिने त्याखेरीज दुसरे काही सांगितले नाही. खाजगी विद्यापीठांचे किंवा राज्याबाहेरच्या विद्यापीठांचे करारनामेही इथे नसतात, त्यामुळे त्या वाटेने जाणाऱ्यांना याचा उपयोग नाही.

मी या सेवेला पाचपैकी चार तारे देते. कापलेला एक तारा त्या दोन वेगळ्या पानांसाठी आणि विशेष शिक्षणाकडे नेणारी खूण कुठेही नसल्याबद्दल आहे. वापरणाऱ्यांना एकच सूचना: ज्या वर्षी कॉलेज सुरू कराल त्या वर्षीचा करारनामा उतरवून जपून ठेवावा. शिक्षणात खंड पडू दिला नाही तर कॅल स्टेटमध्ये पदवीच्या अटी कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेतला त्या वर्षीच्या धरता येतात, आणि मधल्या काळात नियम बदलले तर तो कागद हाताशी असलेला बरा. आमचा फ्रीजवर चिकटवलेला आहे. प्रादेशिक भूगोलाच्या ओळीवर अजून खूण व्हायची आहे.