ठाणे–वाशी लोकलमध्ये केरोना ग्रह: 'स्पेस क्वेस्ट १' फोनवर कसा चालतो

विकत घेण्याआधी एक गोष्ट पक्की करा, ती म्हणजे आवृत्ती. सिएरा कंपनीचा हा विनोदी अंतराळ-खेळ दोन रूपांत आहे. १९८६चा मूळ खेळ १६ रंगांचा, आणि त्यात प्रत्येक कृती इंग्रजीत टाइप करावी लागते. १९९१ साली तो २५६ रंगांत नव्याने काढला, तेव्हा टाइप करणं गेलं आणि चिन्हं आली. चालणं, बघणं, हात लावणं, बोलणं सगळं त्यांवरच. ठाण्याहून वाशीची गाडी पकडून उभ्या-उभ्या खेळणार असाल तर १९९१चाच घ्या. एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने 'लुक अंडर पॉड' टाइप होत नाही. जीओजी या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर पहिल्या तीन भागांचा संच मिळतो. त्यात काय काय येतं ते पैसे भरण्याआधी वाचून घ्या.

फोनवर चालवायला स्कमव्हीएम हे फुकट ॲप लागतं. आधी खेळ लॅपटॉपवर उतरवा, त्याच्या फोल्डरमधल्या 'रिसोर्स' नावाच्या सगळ्या फाइली फोनवर एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि ॲपमध्ये 'ॲड गेम' करून तो फोल्डर दाखवा. चूक इथेच होते. मोठ्या फाइली कॉपी होतात आणि 'रिसोर्स.मॅप' ही चिमुकली फाइल मागे राहते. मग ॲपला खेळ ओळखूच येत नाही आणि दोष ॲपला दिला जातो. दोन बोटांनी टॅप केलं की राइट क्लिक होतो, त्याने हातातलं चिन्ह बदलतं. चिन्हांची पट्टी पडद्याच्या वरच्या कडेला उघडते. फोनला जाड कव्हर असेल तर बोट तिथवर नीट पोचत नाही, तेव्हा कव्हर काढूनच बसा.

नायकाचं नाव रॉजर विल्को. आर्केडा या यानावरचा सफाई कामगार. ड्यूटीच्या वेळी झाडू-बादल्यांच्या खोलीत झोप काढत होता म्हणून वाचला. सेरियन लोकांनी यानावर हल्ला करून 'स्टार जनरेटर' पळवलेलं असतं आणि यान फुटायला १५ मिनिटं उरलेली असतात. ठाण्याला सुरू केलंत तर साधारण घणसोली येईपर्यंत तुम्ही बाहेर पडलेले हवेत. या पठ्ठ्याला शौर्याची हौस अजिबात नाही. त्याला फक्त जिवंत राहायचंय, आणि त्यासाठी त्याच्याजवळ एकच कसब आहे: लोकांनी टाकलेलं, सांडलेलं, विसरलेलं त्याच्या नजरेला पडतं. मार्क क्रो आणि स्कॉट मर्फी या दोघांनी अख्खा खेळ याच एका कसबावर उभा केलाय. म्हणून त्यातला विनोद इतकी वर्षं टिकला, असं आमचं ठाम मत आहे.

केरोना ग्रहावर पॉड, म्हणजे सुटकेचं छोटं यान, आपटतं तिथे हे अगदी जवळून दिसतं. चहूकडे वाळू, मधे फुटलेलं पॉड. नवा माणूस सरळ चालू लागतो. थांबा, पॉडची फुटकी काच उचला. पुढे जमिनीखाली लेझरचे झोत वाट अडवतात, ते परतवायला हीच काच लागते. ती न घेता खाली उतरलात तर तो खेळ तिथेच संपला. पॉडमधल्या सर्व्हायव्हल किटमध्ये एक चाकू आणि पाण्याचा डबा असतो. पाणी कसलं, तर 'निर्जलीकरण केलेलं'! आपल्याकडे निर्जळी एकादशी असते, हे निर्जळी पाणी. ते प्यायचं की नाही, आणि ओरॅट नावाच्या राक्षसापुढे त्याचं काय करायचं, हे सांगत नाही. इंग्रजी वाचता न येणाऱ्या मुलाला शेजारी बसवून हा भाग मराठीत वाचून दाखवा, फार रंगतो. यानावरून आणलेलं भाषांतर-यंत्र मात्र आधी चालू करा, नाहीतर केरोनावासीयांची बोली कळणार नाही.

यूलेन्स फ्लॅट्स या वस्तीत खरी गंमत आणि खरा धोका आहे. स्किमर, म्हणजे वाळवंटातून चालवत आणलेली गाडी, उभी केली की किल्ली काढून खिशात. गाडी किल्लीसकट सोडलीत तर चोरीला जाते. गाडी विकत मागणारा येईल, त्याच्या पहिल्या भावाला नाही म्हणा. तो परत येतो तेव्हा पैशांबरोबर जेटपॅकही (पाठीला बांधून उडायचं यंत्र) देऊ करतो, आणि जेटपॅकशिवाय पुढे जाता येत नाही. बारमधल्या जुगाराच्या मशीनवर तीन कवट्या आल्या की रॉजर जागीच खलास. म्हणून दर जिंकलेल्या डावानंतर सेव्ह.

दोष लपवण्यात अर्थ नाही. मागे राहिलेली वस्तू खेळ तुम्हाला सांगत नाही. तासाभराने कळतं की आपण अडकलोय. आर्केडाच्या ग्रंथालयातल्या माहितीच्या कार्ट्रिजचंही तसंच, शेवटी लागणारा कोड तिच्यातच आहे. यावर उपाय एकच: एकाच सेव्हवर पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका. 'पॉडआधी', 'गुहेआधी', 'गाडी विकण्याआधी' अशा वेगवेगळ्या सेव्ह ठेवा. वाळवंटात स्किमर चालवायचा टप्पा बोटाने आणि हलत्या लोकलमध्ये वैताग आणतो. सेव्ह फाइल लॅपटॉपवरच्या स्कमव्हीएममध्ये टाका आणि तो तुकडा घरी, बाणांच्या कळांनी, वेगाची पट्टी खाली ओढून खेळा. तिथून पुन्हा फोनवर या.

दहा वर्षांपुढच्या मुलांना चालेल. मरणाचे प्रसंग पुष्कळ आहेत, पण व्यंगचित्रासारखे, आणि प्रत्येक मरणाला वेगळा शेरा आहे. काही शेरे वाचण्यासाठी मुद्दाम मरावं, इतके छान जमलेत.

संचातला १९८७चा दुसरा भाग बराचसा लॅबियन ग्रहाच्या जंगलात घडतो, तिसरा १९८९चा. दोन्हींत सगळं टाइप करावं लागतं. ते गाडीत उघडू नका, रविवारी घरी कीबोर्डसमोर बसून खेळा.