‘जागा बदलली की पोट बिघडतं, ताई’

लॅब्रेडोरचं पिल्लू आमच्या हातात आलं ते नगर रोडवर, एका पेट्रोल पंपाच्या कडेला. विकणाऱ्यानं घर दाखवलंच नाही. “आई शेतावर असते ताई, तुम्हाला लांब पडेल,” म्हणाला. टोकनचे 500 आधी यूपीआयनं दिले होते, उरलेले 8,500 रोख. पिल्लू 60 दिवसांचं, पहिली लस झालेली, हे घ्या कार्ड. मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण मुलानं तोवर त्याला स्वेटरमध्ये घेतलं होतं आणि नावही ठेवलं होतं, गोटू.

तिसऱ्या दिवशी सकाळी पातळ शी. फोन केला तर, “जागा बदलली की पोट बिघडतं, ताई. दहीभात द्या.” संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, तेव्हा त्यानं ‘आमच्या डॉक्टरांशी’ बोलायला लावलं. त्या माणसानं पिल्लाचं वजनसुद्धा विचारलं नाही. 1,800 रुपये घेऊन पांढऱ्या पावडरच्या 12 पुड्या पाठवल्या. पुडीवर ना नाव, ना तारीख. वर ताकीद: “बाहेरच्या डॉक्टरकडं नेलंत तर गॅरंटी संपली. पिल्लू बदलून मिळणार नाही.”

त्या एका वाक्यापायी आमचा दीड दिवस गेला. मी गॅरंटीचा विचार करत बसले, याचा सल अजून जात नाही.

दुसऱ्या रात्री शीतून रक्त पडलं. हिरड्या चिकट, कोरड्या झालेल्या. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली. गोटू पाण्याच्या वाटीवर हनुवटी टेकून बसला होता, पीत नव्हता.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी शीचा नमुना घेऊन किटवर तपासणी केली. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा जुलाब-उलट्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. मग तोंड उघडून दात पाहिले आणि म्हणाल्या, “हे जेमतेम पाच आठवड्यांचं आहे.” लसीच्या बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर कार्डावर चिकटवतात, आमच्या कार्डावर ते नव्हतं. शिक्क्यात डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही नव्हता. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला बहुधा तीन ते सात दिवस जातात, म्हणजे गोटू आजार घेऊनच आला असणार. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला 2017 च्या नियमांनी बंदी आहे आणि ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करावी लागते, हेही मला तेव्हाच कळलं. मी नोंदणी क्रमांक विचारलाच नव्हता.

सलाइन, उलटी थांबवायची इंजेक्शनं, सगळं झालं. उपचारांच्या चौथ्या दिवशी पहाटे गोटू गेला.

नंतर बँकेचं स्टेटमेंट पाहिलं. ‘डॉक्टरां’चे 1,800 टोकनच्याच खात्यावर गेले होते. विकणाऱ्यानं नंबर ब्लॉक केला होता. पुड्या, कार्ड आणि स्टेटमेंट घेऊन मी पोलीस चौकीत अर्ज दिला आहे.

खेळणाऱ्या, खाणाऱ्या पिल्लाला एखादी पातळ शी झाली तर ती खाणं बदलल्यानंही असते. पण उलटी आणि जुलाब दोन्ही असतील, पिल्लू मलूल असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या घरच्या घरी देऊ नका. विकणारा “बाहेर दाखवू नका” म्हणाला, तर लगेच बाहेर दाखवा.

पार्व्होचा विषाणू घरात कित्येक महिने टिकतो. एक भाग ब्लीचमध्ये तीस भाग पाणी घालून फरशी आणि जिना आम्ही धुतला. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडं दोन महिन्यांचं पिल्लू आहे, त्यांना मी आधी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी त्याच संध्याकाळी कार्ड काढून स्टिकर तपासलं.