खोकला आहे? मग बरंय! (भांडुपच्या एका दवाखान्याबद्दल)

नाव टाकू नका असं डॉक्टरच म्हणाले, आधीच गर्दी आवरत नाही म्हणून. त्यामुळे एवढंच सांगतो की भांडुप पश्चिमेला, बाजाराच्या आतल्या गल्लीत, एकच खोली, बाहेर दोन बाकडी आणि नंबराचे प्लॅस्टिकचे बिल्ले. ओळखणारे ओळखतील.

मी क्लास घेतो, दहावीची बॅच, पन्नास पोरं, डोक्यावर चार खडखडणारे पंखे आणि खिडकीबाहेर वर्षभर रस्ता खोदलेला, त्यामुळे घसा बसणं आमच्या धंद्यातच आहे. पण गेल्या महिन्यात थुंकी गिळायची पण भीती वाटायला लागली. आधी स्टेशनजवळच्या एका दवाखान्यात गेलो (नाव नको), तिथे मी तोंड उघडायच्या आत पेन चालू, तीन दिवसांची अँटिबायोटिक, एक इंजेक्शन, दोन सिरप, आणि सगळं मिळून आठशेच्या वर खर्च. घशाला काही फरक नाही, पोट बिघडलं ते वेगळंच. मग आई म्हणाली, अरे आपल्या डॉक्टरांकडे जाऊन ये ना एकदा.

दीड तास बाकड्यावर. आत गेलो तर यांनी आधी खुर्ची उजेडाकडे वळवली, टॉर्च, लाकडी पट्टी, आऽऽ करा, मग जबड्याखाली दोन्ही बाजूंनी बोटांनी चाचपलं. दुखतंय का? नाही. ताप? नाही. नाक? वाहतंय. खोकला? आहे ना डॉक्टर, रात्रभर, म्हणून तर आलो. "मग बरंय," म्हणाले. मला वाटलं माझी खेचतायत.

नंतर नीट समजावलं. खोकला, सर्दी, बसलेला आवाज हे सगळं एकत्र असेल तर बहुतेक वेळा काम व्हायरसचं, मोठ्या माणसांची घसेदुखी जास्त करून तशीच असते, आणि अँटिबायोटिकला व्हायरस भीक घालत नाही. साधारण आठवड्यात आपलं आपण उतरतं. चिठ्ठीवर काय, तर दुखलं तर पॅरासिटामॉल, पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या, आणि खाली मोठ्या अक्षरात "दोन दिवस मौन". कुजबुजायचं पण नाही म्हणे, त्यानेही आवाजावर ताण येतो. दोन दिवस फक्त फळ्यावर लिहून भूमिती शिकवली, पोरं इतकी शांत मी आजवर बघितली नव्हती. सातव्या दिवशी घसा मोकळा. औषधाचा खर्च पंधरा-वीस रुपये.

आता कोणी म्हणेल हे डॉक्टर औषधच देत नाहीत, तसं नाही. पंधरा दिवसांनी आमचा आठ वर्षांचा आजारी पडला. ताप १०२, गिळवेना, पण खोकला नाही, नाक कोरडं. मी मनात म्हटलं खोकला नाही म्हणजे किरकोळच असणार, आणि इथेच माझं उलटं झालं. डॉक्टरांनी टॉर्च टाकला, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेला पुढून हात लावला तर पोरगं कळवळलं. लगेच घशाचा स्वॅब घ्यायला लावला, स्ट्रेप निघाला, म्हणजे बॅक्टेरिया. १० दिवसांची अमॉक्सिसिलिन. तिसऱ्या दिवशी पोरगं खाली क्रिकेट खेळत होतं, आम्ही गोळ्या बंद करायच्या बेतात, तेवढ्यात कंपाउंडर काकांचा फोन, "डोस पुरा करा हां." हा स्ट्रेप अर्धवट सोडला तर काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात, आणि ५ ते १५ वयाच्या पोरांना हा धोका जास्त. हे ऐकून बायकोने दहाच्या दहा दिवस घड्याळ लावून दिल्या.

आईलाही तिथेच बोलणी बसली. ती घसा खवखवला की दिवसभर ज्येष्ठमधाची काडी चघळते, आणि तिला बीपी आहे. ज्येष्ठमध सारखं आणि जास्त खाल्लं तर बीपी वाढतं, हे मला पण माहीत नव्हतं. आता ती खडीसाखर धरते तोंडात. वाफ घ्यायला मात्र पोरांना उकळत्या पातेल्यावर वाकवू नका म्हणाले, भाजल्याच्या केसेस येतात.

निघताना हेही सांगितलं की श्वास घ्यायला त्रास, लाळ गिळता न येणं, तोंडच न उघडणं असं काही दिसलं तर माझा नंबर लावत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलात पळा. आणि आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला तर ईएनटीला दाखवायचं.

तक्रारी आहेत. फोनवर नंबर लावत नाहीत, जीपे चालत नाही, पंखा एकच आणि तो डॉक्टरांवर, अक्षर तर फक्त खालच्या केमिस्टलाच वाचता येतं. कंपाउंडर काका पहिल्या भेटीत खेकसतात, दुसऱ्या भेटीत पोराला गोळी देतात (लिमलेटची). एक स्टार त्या दीड तासासाठी कापतोय, बाकी चार.

संध्याकाळी सातला उघडतं पण बिल्ले साडेसहालाच वाटतात. सुट्टे न्या.