इंदूरचा सराफा: साडेनऊच्या आत जाऊ नका, एकटे तर अजिबात नको

डिसेंबरात आत्याकडे इंदूरला होतो, त्यातल्या दोन रात्री सराफ्यातच गेल्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही राजवाड्याजवळची सोनाचांदीची गल्ली, दिवसा खरंच दागिने विकतात आणि रात्री शटर पडली की त्याच दुकानांसमोर कढया चढतात, मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. पहिल्या रात्री आम्ही दोघं भाऊ आठलाच जाऊन टपकलो, अर्धी गल्ली अजून सोनारांचीच होती.

त्यात भूक लागलेली, म्हणून तोंडाशीच जो लायटिंगवाला स्टॉल दिसला तिथे घुसलो. पॅटीस बाहेरून गरम आतून गार, म्हणजे सरळसरळ सकाळचं तळलेलं, चटणीत पाणी, आणि पोट तिथेच भरलं ते वेगळंच. आम्ही घरी आल्यावर आत्या म्हणाली, मला न विचारता गेलात ना, भोगा आता.

दुसऱ्या रात्री ती स्वतः आली. इंदूरच्याच रामबाग भागात आयुष्य गेलंय तिचं, त्यामुळे तिचा नियम एकच, एक प्लेट आणि तीन चमचे, कुणीही कशाचीही अख्खी प्लेट घ्यायची नाही. आधी भुट्टे का कीस. आमच्याकडे आई पण मक्याचा कीस करते म्हणून मी जरा नाक वर करूनच खाल्ला, पण इथे तो दुधात आणि तुपात इतका शिजवतात की दाणा असा राहतच नाही, हिंग-मोहरी-हिरव्या मिरचीचा वास, वरून खोबरं कोथिंबीर लिंबू. आईला अजून सांगितलेलं नाही.

मग गराडू, आणि माझ्या मते सराफ्यात जायचं खरं कारण हेच. कंदच तो, आपल्या कोनफळाचा पांढरा भाऊ समजा. फोडी एकदा तळून ठेवलेल्या असतात, तुम्ही मागितल्या की परत कढईत, मग तो तिखट-आंबट मसाला आणि वर लिंबू पिळून द्रोणात. बाहेरून कडक, आत एकदम लोण्यासारखा, जीभ भाजते पण थांबवत नाही. फक्त थंडीतच मिळतो हां, मे महिन्यात जाऊन शोधत बसाल.

जोशी दहीबड्यासमोर लोक मोबाईल काढून उभे असतात कारण दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात, दही सांडत नाही. मला त्याहून भारी वाटलं ते मसाल्याचं, एकाच चिमटीत सगळे मसाले धरायचे आणि एकेक करून वेगळा सोडायचा, मी अगदी जवळ उभा राहून बघितलं तरी बोटं कुठे हलतात ते कळलं नाही. दही थोडं गोड आहे, गोड दही न चालणाऱ्यांनी अर्धाच घ्या.

साबुदाणा खिचडीवर मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. तुपात परतत नाहीत हो इथे, भिजवलेला साबुदाणा वाफेवर गरम ठेवतात आणि ऑर्डर आली की मसाला, फराळी मिक्श्चर, लिंबू घालून कालवून देतात. आपली ती आपलीच, पण ही चिकट होत नाही आणि खाऊन जड वाटत नाही, एवढं कबूल करतो.

शेवटी घसा कोरडा म्हणून शिकंजी मागवली, मला वाटलं लिंबूसरबत असेल, तर हातात आटवलेल्या दुधाचा केशर-सुकामेवा घातलेला दाट ग्लास. चमच्याने खायची वस्तू आहे ती. त्यावर जलेबा घ्यायची हिंमत झाली नाही, एकेक जिलबी ताटलीएवढी आणि तोलून देतात.

बसायला जागा नाही, आत्या एका पेढीच्या पायरीवर बसून खात होती, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना घेऊन जाताना विचार करा. मधूनच बाईकवाले घुसतात. कचरा मात्र दिसत नाही, 2017पासून स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं येणारं गाव उगाच नाही. पेटवलेलं पान वगैरे रील्सवाले प्रकार पण आहेत, त्यांना वळसा घालून पुढे गेलो. तिघांचे मिळून सहाशेच्या आत झाले.

जिरावण मसाल्याची दोन पाकिटं घेऊन आलोय. रोज पोह्यावर घालतोय, एक आत्ताच संपलं.