फोनवर लावायची मॅक्रो लेन्स: अख्खा पावसाळा आणि निम्मा हिवाळा वापरल्यावर

चिमट्यावर बसवलेली, बोटाच्या पेराएवढी लेन्स. फोनच्या कॅमेऱ्यावर अडकवली की मुंगीच्या पायावरचे केस दिसतात. मे महिन्याच्या अखेरीस घेतली, आता जानेवारी चालू आहे. किंमत पाचशेच्या आत. कंपनीचं नाव देण्यात अर्थ नाही, कारण हीच लेन्स, हाच चिमटा वेगवेगळ्या नावांच्या डब्यांतून विकला जातो. घेताना डबीवरच्या नावापेक्षा काच बघायची. ती कशी बघायची ते पुढे येईलच.

आधी माझा वापर सांगतो, म्हणजे हे तुमच्या कामाचं आहे की नाही ते ठरवता येईल. नोकरीमुळे कोल्हापूर ते रत्नागिरी अशी ये-जा असते, बहुतेक वेळा एसटीने. मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, हातखंबा. या रस्त्यावर आंबा घाट सोडला तर ‘बघण्यासारखं’ म्हणून कुणी गाडी थांबवत नाही, आणि पावसात घाटात धुकं उतरलं की तिथेही पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसतो. थांबणं मात्र भरपूर. एसटी चहाला थांबते, टायर बघायला थांबते, वळणावर ट्रक अडकला म्हणून थांबते. लेन्स कामाला येते ती या फुकटच्या वेळात. ज्यांना स्वतःच्या गाडीने पॉइंटवरून पॉइंटवर जायचं आहे आणि मागे पोरं कंटाळली आहेत, त्यांनी पैसे वाचवावेत.

सुरुवात झाली मृगाच्या किड्याने. जूनमधला पहिला चांगला पाऊस पडून गेला होता आणि थांब्यामागच्या ओल्या मातीत ते लालभडक ठिपके फिरत होते. लहानपणी काडेपेटीत घालून ठेवायचो तेच. लेन्सखाली दिसतं की ती मखमल म्हणजे दाट, आखूड केसांचं रान आहे आणि पुढच्या दोन पायांनी तो सतत जमीन चाचपत असतो. किडा म्हणतो आपण, पण पाय आठ. नात्याने कोळी-गोचिडांच्या जवळचा. शिवाय चाल सावकाश, त्यामुळे नवशिक्याला याच्याइतकं चांगलं गिऱ्हाईक नाही. मुंगीच्या मागे लागलात तर पहिल्याच दिवशी लेन्स कपाटात जाईल.

पाऊस जोरात आला की किडे गायब, मग झाडांच्या खोडांकडे वळलो. रस्त्याकडेच्या जुन्या आंब्यांवर राखाडी-हिरवे चट्टे असतात, ते इतकी वर्षं मला झाडाला झालेला रोग वाटत असत. ती दगडफुलाची भावंडं. बुरशी आणि शेवाळ एकत्र राहून होणारा हा संसार. बुरशी आसरा देते, शेवाळ उन्हावर अन्न करतं. काही चट्ट्यांवर बारीक काळ्या रेघा असतात, वाकड्यातिकड्या, मोडी लिहिल्यासारख्या. त्या रेघा म्हणजे बुरशीची बीजाणू तयार करणारी फळं. साध्या डोळ्यांना नुसता मळ दिसतो. घरी आल्यावर गोड्या मसाल्याच्या डब्यातलं दगडफूलही लेन्सखाली धरलं. वरून राखाडी, खालून जवळजवळ काळं, कडेला तपकिरी. आईने विचारलं, त्यात किडे निघालेत का?

या लेन्सचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते सड्यावर, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळाच्या पठारावर. रत्नागिरी-राजापूरकडचा जांभ्याचा कातळ मे महिन्यात तव्यासारखा तापलेला असतो. त्यावर काही उगवत असेल असं वाटत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच कातळावरच्या वितभर पाण्यात आणि चिमूटभर मातीत शेकडो फुलं उभी राहतात. कशेळीला कातळशिल्पं, म्हणजे जमिनीच्या कातळावर कोरलेली जुनी चित्रं, बघायला गेलो होतो. तिथला हत्ती जवळपास १८ मीटर लांब आहे, त्याच्या आत आणखी प्राणी कोरलेले आहेत आणि त्याचा अख्खा फोटो जमिनीवर उभं राहून निघतच नाही. सगळे हात वर करून, एकमेकांच्या खांद्यावर चढून प्रयत्न करत होते. मी शिल्पापासून लांब, ओल्या कातळाच्या कडेला उकिडवा बसलो होतो.

तिथे सीतेची आसवं होती. निळी-जांभळी, नखाएवढी. वरून नाजूक दिसणारी ही वनस्पती मांसाहारी आहे. तिचे सापळे म्हणजे मातीत आणि पाण्यात असलेल्या बारीक पिशव्या. दाराजवळच्या केसांना काही लागलं की दार आत उघडतं आणि पाण्यासकट जीव ओढला जातो, साधारण एका मिलिसेकंदात. फोनने ते टिपायचा विचारसुद्धा करू नये. पण तिची शेजारीण, दवबिंदू, निवांत फोटो देते. तिच्या पानांवर लाल देठांचे केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. सकाळी इतर गवतावरचं दव उडून गेलं तरी हिचे थेंब तसेच, कारण ते पाणी नसतंच. माझ्या एका फोटोत एक चिलट अडकलेलं आहे आणि त्याच्या पंखातून मागचा लाल केस दिसतो. हा फोटो मी ऑफिसात दाखवला तर एकाने विचारलं, कुठल्या देशातला?

सड्याबद्दल एक विनंती. कातळशिल्पांवर पाय देऊ नका, आणि कासला गेलात तर फुलांत आडवं पडून मॅक्रो काढायचा मोह आवरा. एका फोटोसाठी पन्नास रोपं चिरडली जातात. पायवाटेच्या कडेला मिळेल तेवढं पुष्कळ आहे.

पावसानंतर विषय संपेल असं वाटलं होतं, पण नोव्हेंबरात वाळूने वेळ काढला. रत्नागिरीकर एका बाजूला काळा समुद्र म्हणतात, दुसऱ्या बाजूला पांढरा समुद्र. दोन्हीकडची चिमूटभर वाळू कागदावर घेतली. पांढऱ्या वाळूत शंख-शिंपल्यांचे चुरे, त्यात गुलाबी, पिवळे, अर्धपारदर्शक. काळी वाळू नुसती काळी असेल या कल्पनेने बघितली, तर तिच्यात इल्मेनाइटचे चकचकीत कण. लोह आणि टायटॅनियमचं हे खनिज तिथल्या वाळूत आहे. ऊन तिरपं असलं की कण पोलादासारखे चमकतात. दोन्हींत कुठली सुंदर म्हणाल तर माझं मत काळीला.

आता कुरबुरी. लेन्सवर १० एक्स, म्हणजे दहापट मोठं, असं लिहिलेलं असेल तर वस्तू साधारण २५ मिलिमीटरवर धरावी लागते. २५० मिलिमीटरला त्या आकड्याने भागायचं, की अंतर मिळतं. आकडा मोठा तेवढं जवळ जावं लागतं, आणि तेवढी फोनची सावलीही वस्तूवर पडते. म्हणून २० एक्सच्या मागे लागू नका. १० पुरे, फार तर १५. डबीवरचे आकडे फुगवलेले असतात, घरी पट्टी लावून अंतर मोजलं की खरं कळतं.

स्पष्ट दिसणारा थर जेमतेम एखादा मिलिमीटर असतो. फुलाची एक पाकळी लख्ख, बाकी सगळं विरघळलेलं. फोनला फोकस शोधू दिला तर तो पुढे-मागे धावत राहतो. त्यापेक्षा स्क्रीनवर बोट दाबून फोकस बांधून टाकायचा आणि फोनच केसभर पुढे-मागे करायचा. वारा असेल तर एकामागोमाग भरपूर फोटो काढायचे, एखादा बरा निघतो. कडा फाटतात, जांभळी-हिरवी किनार येते, म्हणून विषय मधोमध ठेवून चारी बाजू कापायच्या. दुकानात तपासायला वर्तमानपत्र उत्तम. रंगीत फोटोवर लेन्स धरली की निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके वेगळे दिसले पाहिजेत, आणि फ्रेमच्या कडेची अक्षरं निदान वाचता आली पाहिजेत.

तीन-चार कॅमेऱ्यांच्या फोनमध्ये आणखी एक त्रास. वस्तू जवळ आली की फोन आपल्या मनाने दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि लेन्स बसवलेली राहते भलत्याच भोकावर. सेटिंगमध्ये आपोआप मॅक्रो बंद करावा लागतो. जाड कव्हर असेल तर चिमटा सरकतो. मी कव्हर काढूनच लावतो. आणि फोनमध्येच २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा आहे म्हणून लेन्स नको, असं म्हणणाऱ्यांनी दोन्हीचे फोटो शेजारी ठेवून बघावेत.

लोकांचीही सवय करून घ्यावी लागते. गडग्यावरच्या, म्हणजे दगडी कुंपणावरच्या, शेवाळाला नाक लावून बसलेल्या माणसाला “काय पाडलंत काय हो?” हा प्रश्न ठरलेला. काही पडलेलं नाही म्हटलं की लोक जास्तच संशयाने बघतात, म्हणून आता फोन त्यांच्याच हातात देतो. या मखमली शेवाळाच्या बीजाणूंच्या बारीक कुपीच्या तोंडाभोवती दातांची झालर असते, हवेतल्या ओलीनुसार ती मिटते-उघडते. ती बघून एका आजींनी आपल्या परसातला गडगा दाखवायला नेलं, आणि तिकडे ड्रायव्हर ओरडला, “ओ पाव्हणं, यायचं हाय का ऱ्हायचं हाय?”

पुन्हा घेईन का? हीच घेईन. संचात वाइड आणि फिशआय लेन्स फुकट मिळतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. नुसती मॅक्रो मिळत असेल तर ती घ्या. कोकणच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते, तेव्हा डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती अधूनमधून बदला. फ्लॅशऐवजी पांढरा रुमाल बाळगा. भर उन्हात वस्तूवर धरला की सावल्या मऊ होतात. आणि लेन्सला दोरी बांधा, कारण ही काच चिखलात पडली तर शोधायला दुसरी लेन्स लागेल.