आठ लाख बाट एजंटाला द्यायचे नसतात

थायलंडचा रिटायरमेंट व्हिसा काढून देतो म्हणून होणारी फसवणूक बहुतेक वेळा एका वाक्यापासून सुरू होते: "काका, व्हिसासाठी आठ लाख बाट भरावे लागतात." नियमात 'भरणे' हा शब्द कुठेच नाही. ती रक्कम आपल्या नावावर, आपल्या खात्यात आहे एवढं दाखवायचं असतं. बाट हे थायलंडचं चलन; आजच्या दरानं हे वीस लाख रुपयांच्या वर जातं, आणि 'भरणे' व 'दाखवणे' यांच्या मधल्या फटीत एजंटाचा सगळा संसार चालतो.

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एखाद्या हॉटेलात रविवारी सकाळी सभा ठेवतात. चहा-उपमा फुकट. समोर बसलेले जिल्हा परिषदेतून, साखर कारखान्यातून, बँकेतून निवृत्त झालेले, ग्रॅच्युइटीचे पैसे नुकतेच खात्यात पडलेले. भिंतीवर समुद्रकिनाऱ्याचे फोटो आणि कुठल्याशा परवान्याची फ्रेम. ती फ्रेम जवळ जाऊन वाचावी. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते, तीच तिथं टांगलेली असू शकते. निवृत्तीच्या व्हिसाशी तिचा काडीचा संबंध नाही.

आता खरा नियम. वय ५० पूर्ण हवं. भारतातून जो व्हिसा काढायचा त्याला नॉन-इमिग्रंट ओ-ए म्हणतात. त्यासाठी ८ लाख बाटांइतकी शिल्लक, किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न, किंवा वर्षाचं उत्पन्न आणि शिल्लक मिळून ८ लाख, यातलं एक दाखवायचं. महिना ६५ हजार बाट म्हणजे दीड लाख रुपयांच्याही वर, त्यामुळे साध्या शिक्षकाच्या पेन्शनवर हा रस्ता बंदच. आणि ही गोष्ट एजंट कधीच सांगत नाही: ओ-एच्या अर्जाच्या वेळी ही शिल्लक भारतातल्या बँकेत असली तरी चालते. सांगलीतल्या बँकेचं स्टेटमेंट चालतं. अर्जाआधी एक रुपयाही बाहेर पाठवायची गरज नसते.

तरीही पैसे पाठवायला लावतात, ते असे. विश्रामबागेतलं एखादं निवृत्त जोडपं धरा. एजंट म्हणतो, तुम्ही आमच्या बँकॉकच्या कंपनीला पाठवा, आम्ही तुमच्या नावानं फिक्स करतो. बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म भरताना पैसे कशासाठी पाठवताय ते लिहावं लागतं. एजंट शेजारी उभा राहून 'भेट' लिहायला सांगतो, "त्यात प्रश्न विचारत नाहीत" म्हणून. सही आपली. पुढे भांडण झालं की तोच कागद तो वकिलामार्फत दाखवतो: यांनी स्वखुशीनं भेट दिली होती. स्वतःचं परदेशी खातं उघडायला पैसे पाठवायचे तर त्यासाठी फॉर्ममध्ये वेगळं कारण असतं, आणि पैसे घेणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचंच नाव यायला हवं.

दुसरं आमिष टीसीएसचं, म्हणजे पैसे बाहेर पाठवताना बँक आगाऊ कापून घेते त्या कराचं. एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. १ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. बावीस लाख पाठवले तर वरच्या बारा लाखांवर २ लाख ४० हजार. "हे वाचवून देतो, रोख द्या," असं एजंट म्हणाला की समजावं, हवाला. टीसीएस बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो नाहीतर परत मिळतो. हवाल्यात सापडलं तर फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानं रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. शिवाय त्या पैशाचा थायलंडमध्ये व्हिसासाठी उपयोग शून्य, कारण तिथं जाऊन व्हिसा बदलून घ्यायचा तर रक्कम परदेशातून रीतसर आल्याचा पुरावा बँकेकडून लागतो.

मग थाई बँकेचं पासबुक येतं. व्हॉट्सॲपवर फोटो, खातेदाराचं नाव बरोबर, आकडा बरोबर, ८,००,००० जमा. मंडळी खूश. पण तेच पान चार दिवसांनी मागून बघा, खाली दुसरी ओळ असते: तेवढीच रक्कम वजा. एजंटनं स्वतःचे पैसे दोन दिवस तुमच्या खात्यात फिरवले, खात्याचा मोबाइल नंबर आणि एटीएम कार्ड त्याच्याकडेच. याला तिकडे 'पैसे पार्क करणे' म्हणतात. थायलंडमध्ये राहून मुदतवाढ घेताना ८ लाख बाट अर्जाआधी दोन महिने खात्यात मुरलेले हवेत, मंजुरीनंतर तीन महिने तसेच राहायला हवेत, आणि त्यापुढे वर्षभर ४ लाखांच्या खाली जाता कामा नयेत. दोन दिवसांच्या पाहुण्या पैशावर मिळालेला शिक्का तपासणीत गळतो, आणि गळतो तेव्हा एजंट नाही, तुम्ही उभे असता.

बरेच जण तर व्हिसा न घेताच विमानात बसवले जातात. जुलै २०२४ पासून भारतीयांना पर्यटक म्हणून व्हिसाशिवाय ६० दिवस मिळू लागले, एजंटांनी तेच 'व्हिसा' म्हणून विकलं. "तिथं गेल्यावर बदलून देऊ." बदल करता येतो, पण त्यासाठी थाई बँकेत खातं लागतं, आणि पर्यटकाला बँका सहजी खातं उघडून देत नाहीत. साठ दिवस भुर्रकन जातात. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५०० बाट, कमाल २०,००० दंड. ९० दिवसांच्या वर गेलं तर स्वतःहून हजर झालात तरी एक वर्ष प्रवेशबंदी, आणि पोलिसांनी पकडलं तर थोडक्या दिवसांसाठीही पाच वर्षं.

व्हिसा खरा आहे का हे घरी बसून कळतं. १ जानेवारी २०२५ पासून भारतातून थाई व्हिसा ऑनलाइनच मिळतो, मंजुरीची फाइल ईमेलवर येते. पासपोर्टवर स्टिकर चिकटवून कुणी आणून दिला तर तिथंच थांबा. अर्ज स्वतःच्या ईमेलवरून भरा. एजंट नेहमी त्याचाच ईमेल टाकतो, त्यामुळे अर्ज नाकारला गेला तरी तुम्हाला 'फाइल प्रोसेसमध्ये आहे' एवढंच ऐकू येतं.

ओ-ए साठी पोलीस क्लिअरन्स, म्हणजे आपल्यावर गुन्हा नसल्याचा दाखलाही लागतो. तो पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, सरकारी फी ५०० रुपये. याचे कुणी पंधरा हजार मागितले तर हिशेब विचारा. आरोग्य विम्याची अट ३० लाख बाट संरक्षणाची आहे. प्रवासाची स्वस्त पॉलिसी जोडून एजंट मोकळा होतो आणि अर्ज तिथंच अडकतो. सत्तरीच्या पुढे हा विमा चांगलाच महाग पडतो, म्हणून आधी प्रीमियम विचारा, मग बाकीचं स्वप्न बघा. बायकोचं वय पन्नासच्या आत असेल तर ती नवऱ्यावर अवलंबून म्हणून अर्ज करू शकते, पण विवाह नोंदणीचा दाखला हवा. आपल्याकडे १९८५-९० ची किती लग्नं नोंदलेली आहेत? पत्रिका आणि अल्बम तिथं चालत नाहीत. ग्रामपंचायतीतून दाखला काढायला घ्या आणि पासपोर्टवरच्या नावाशी एकेक अक्षर ताडून बघा.

एक फसवणूक तर सगळं खरं असूनही होते. तिथं मुदतवाढ मिळाली, मंडळी गणपतीला गावाकडे आली. निघताना री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची परवानगी, घेतलं नाही तर विमानात बसताच मुदतवाढ संपली. एकदाच्या परतीसाठी १,००० बाट, अनेकदा जायचं-यायचं असेल तर ३,८००. एजंट हे मुद्दाम सांगत नाही, कारण गणपती झाल्यावर त्याला तोच व्हिसा दुसऱ्यांदा विकायचा असतो. दर ९० दिवसांनी पत्ता कळवणं आणि घरमालकानं तुम्ही राहायला आल्याची २४ तासांत नोंद करणं, हे मात्र कुणाला पैसे न देता होतं.

बंगला-जमिनीच्या नादी लागूच नका. परदेशी माणसाला थायलंडमध्ये जमीन नावावर घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो, तोही इमारतीच्या ४९ टक्क्यांच्या मर्यादेत.

पैसे गेलेच असतील तर पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग आपल्या बँकेला लेखी कळवा. पोलिसांत तक्रार देताना भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ सांगा, फसवणुकीचं. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. एजंट मुंबईचा असला तरी तुम्ही सांगलीत राहता म्हणून सांगलीतच, आणि एजंटला दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पासपोर्ट अडकवून ठेवला असेल तर तो भारत सरकारच्या मालकीचा असतो, परत द्या असं लेखी कळवा आणि पोहोच घ्या. त्याआधी व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं तारखांसकट दुसऱ्या फोनवर उतरवून घ्या. तक्रारीचा वास लागला की एजंट पहिल्यांदा पासबुकाचा तो फोटो पुसून टाकायला बघतो.